नेटवर्कवर नोंदणी नाही

बुधवार, ता. ९

सकाळी साडेआठपासून फोन मुका झाला आहे. वरच्या कोपऱ्यात जिथे दांड्या असतात तिथे फुली, आणि कुणालाही लावायला गेलं की एकच वाक्य: नेटवर्कवर नोंदणी नाही. मी पस्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. नोंदणी नाही, हे वाक्य मी दुकानदारांना ऐकवायचो आणि त्यांचे चेहरे पडायचे. आज फोनने मला ऐकवलं.

बंद केला, चालू केला. विमानाचं चित्र दाबलं, पुन्हा सोडलं. खिडकीत गेलो, जिन्यात गेलो, शेवटी गच्चीवर जाऊन हात उंच करून उभा राहिलो. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंना वाटलं मी त्यांना हात करतोय. त्यांनीही केला.

खाली आलो तर ही म्हणाली, "राहू द्या हो. एक दिवस फोन नसला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

हिला काय सांगू! आभाळच आहे. हिच्या दोन्ही बुबुळांवर पांढरं आलं आहे. उजेड-अंधार कळतो, समोर माणूस आहे की कपाट तेवढं कळतं, त्यापुढे सगळं धुकं. चौदा महिने झाले, नेत्रपेढीच्या यादीत हिचं नाव आहे. कुणी गेलं आणि घरच्यांनी डोळे दिले की पेढीतून यादीतल्या वरच्या माणसाला फोन येतो. दोन तासांत हो म्हणायचं आणि रुग्णालयात पोचायचं. फोन लागला नाही तर पुढचं नाव. गेल्या महिन्यात हिचं नाव पहिल्या तिघांत आलं, आणि त्यांच्याकडे आमचा नंबर एकच आहे. दुसराही द्या म्हणाले होते, तेव्हा मीच छाती पुढे काढून म्हणालो होतो, "मी असताना दुसरा कशाला?"

तेव्हापासून फोन माझ्या खिशात असतो. फक्त अंघोळीपुरता हिच्याजवळ ठेवतो, आणि डोकं पुसत बाहेर आलो की पहिला प्रश्न, "आला का फोन?" रोजचा. उत्साह राखावा लागतो घरात.

गुरुवार, ता. १०

आजचा दिवस माझ्या शत्रूलाही नको.

आधी हमरस्त्यावरच्या मोठ्या, काचेच्या दुकानात गेलो. तिथल्या टायवाल्याने फोन दोन बोटांत धरला, दोन सेकंद पाहिला आणि निदान केलं, "बोर्ड गेला. नवा घ्या." मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, "अनुभव." माझ्या खात्यात अनुभवावर शिक्का मारला असता तर घरी बसलो असतो.

मग रुग्णालयात. म्हटलं, निदान शेजाऱ्यांचा नंबर देऊन ठेवू. खिडकीमागच्या कारकून बाई चांगल्या होत्या, पण संगणकापुढे त्यांचं काही चालेना. नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवर एक कोड येणार, तो मी त्यांना सांगायचा. म्हटलं, "बाई, जुना नंबर बंद आहे म्हणून तर आलो." त्या म्हणाल्या, "हो काका, पण कोड तिथेच जातो." नाहीतर मग रुग्णाने स्वतः यायचं, सही-अंगठा करायचा.

आणि मग त्यांनी पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि आवाज बारीक केला. "काल दुपारी तुम्हाला फोन केला होता आम्ही. तीनदा. लागला नाही."

मी खिडकीची कड धरली. म्हणजे काल. मी गच्चीवर हात उंच करून उभा होतो तेव्हा कदाचित. बाई म्हणाल्या, एकदा चुकलं तर माफ असतं. दुसऱ्यांदा लागला नाही तर नाव तळाला जातं.

घरी येऊन हिला सांगावं की नाही, या विचारात तीन थांबे चालत आलो. शेवटी सांगितलं.  हिने विचारलं, "मग तो डोळा कुणाला लागला?" म्हटलं, कारकून बाई म्हणाल्या एका शाळेतल्या शिक्षिकेला. "बरं झालं," ही म्हणाली. "वाया नाही गेला ना?"

केवढं मन या बाईचं! मी असतो तर भांडी आपटली असती. उद्याच रुग्णालयात जाऊ, सही करू म्हटलं, तर हिने गुडघा धरला. सोमवारी जाऊ म्हणते. गुडघा काल तर ठीक होता.

शुक्रवार, ता. ११

आज एक माणूस भेटलं. मुद्दाम माणूस लिहितो आहे.

भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, एका इमारतीच्या जिन्याखाली, टेबल मावेल एवढं दुकान आहे. पूर्वी तिथे एक घड्याळजी बसायचे. आता त्यांची लेक मोबाईल दुरुस्त करते. चाळिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, डोळ्याला वडिलांचंच भिंग. मी फोन पुढे केला तर तिने हात मागे घेतला.

"आधी दिवस सांगा, काका."

"कसला दिवस?"

"बंद पडला तो दिवस. उठलात तिथपासून. मग फोन बघते."

तिची ही पद्धतच आहे म्हणे. गिऱ्हाइकाने सगळा दिवस सांगितल्याशिवाय ती फोनला बोट लावत नाही. एक शाळकरी वही आहे, तीत ती लिहून घेते. मी म्हटलं, फोन आजारी आहे की मी? ती हसली नाही. "फोन खोटं बोलत नाही आणि खरंही सांगत नाही. माणूस थोडं थोडं दोन्ही करतो, त्यातून कळतं." मी मुकाट्याने सांगितलं. सहाला उठलो, चहा केला, पेपर हिला वाचून दाखवला. आठला अंघोळीला गेलो तेव्हा फोन चालू होता.

"कशावरून होता?"

"हवामानाचा निरोप आला होता, पावणेआठला."

"अंघोळीला गेलात तेव्हा फोन कुठे?"

"हिच्याजवळ. रोजच असतो."

तिने ते लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. मग कामाला लागली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलली की वहीत लिहायची, असा तिचा नियम. फोनचा स्वतःचा क्रमांक पडद्यावर आणून खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडला. जुळला. नेटवर्क आपोआप शोधायचं बंद करून हाताने निवडलं. नकार. मग आमचं सिम काढून आपल्या फोनात घातलं. नकार. आपलं सिम आमच्या फोनात घातलं. तीन सेकंदांत चार दांड्या!

"फोन ठणठणीत आहे," ती म्हणाली. "दुखणं सिममध्ये आहे. सिमचं पाकीट आहे का घरी?"

मला विचारते, पाकीट आहे का! मी दिव्यांची पाकिटंसुद्धा ठेवतो. उद्या फाईल घेऊन जाणार.

सांगायचं म्हणजे, काचेच्या दुकानात दोन सेकंदांत बोर्ड गेला आणि जिन्याखाली पाऊण तासात तो परत आला. असं काम मी खात्यात फार थोड्यांचं पाहिलं. खोटं कशाला बोलू, माझंही नव्हतं.

शनिवार, ता. १२

भलतंच निघालं.

पाकिटावर सिमचा लांबलचक क्रमांक असतो, एकोणीस आकडी. तोच सिमच्या पाठीवर, मुंगीच्या अक्षरात. मी पाकिटावरचा एकेक आकडा म्हणायचा, तिने भिंगातून बघून हं म्हणायचं. तेराव्या आकड्याला हं आलं नाही. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेराव्याला थांबलो.

"काका, हे सिम तुमचं नाही."

 तिने फोन कडेवर उभा धरून सिमच्या भोकाजवळ भिंग नेलं. तिथे बारीकसा ओरखडा आहे. पिनेचा नाही म्हणाली, सुईचा वाटतो. मग विचारलं, "घरात अजून कुणाचं सिम होतं कधी?"

"हिचं होतं. डोळे गेल्यावर फोनच देऊन टाकला, दोन वर्षं झाली. पण तिचा काय संबंध? तिला साखरेचा डबा सापडत नाही."

"काकू काय करायच्या पूर्वी?"

"शिवणकाम. गणवेश. एका दिवसात सव्वाशे काजं करायची, तुम्ही बघितलं असतंत तर..."

तिने वहीतल्या त्या रेघेखाली आणखी एक रेघ ओढली. पण माझं डोकं तोवर पळायला लागलं होतं. गेल्या आठवड्यात चौकातल्या कव्हरवाल्याकडून नवं कव्हर बसवलं होतं. त्याने फोन हातात घेतला होता, पाठ माझ्याकडे होती. चांगलं सिम काढून मेलेलं घातलं, दुसरं काय! तिने आवाज दिला, "काका, कव्हर बसवल्यावर आठवडाभर फोन चालू होता ना? थांबा." मी कसला थांबतोय.

चौकात गेलो आणि त्याला उभा-आडवा घेतला. चार माणसं जमली. तो बिचारा (हा शब्द आत्ता का लिहिला कोण जाणे) हात जोडून म्हणत होता, "साहेब, मी सिमला हातही लावत नाही." चोर असंच म्हणतो. सोमवारी लेखी तक्रार करणार. मसुदा तयार आहे, तीन पानी.

हिला मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या पानाला ही म्हणाली, "त्याची चूक नसेल तर?"

"मग कुणाची?"

ही उठून आत गेली. उठताना गुडघ्याला हातही लावला नाही.

रविवार, ता. १३

कंपनीचं कार्यालय शनिवार-रविवार बंद, नवं सिम उद्याच. आज काही करण्यासारखं नव्हतं, आणि दारात घड्याळजींची लेक! "घरात रेंज कशी आहे ते बघते," म्हणाली. सुट्टीच्या दिवशी, न बोलावता. अशी माणसं दिवा घेऊन शोधली तरी मिळत नाहीत. मी म्हटलं, बसा, चहा टाकतो.

आता एक तक्रार नोंदवून ठेवतो. रेंज तिने अर्धा मिनिट पाहिली असेल. मग जी हिच्याशेजारी बसली ती बसलीच. चहा उकळत होता तरी मला ऐकू येत होतं. दोघी भंगाराबद्दल बोलत होत्या.

"हात बघू, काकू," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "या हातांना डोळे लागत नसणार."

ही हसली. कितीतरी दिवसांनी हसली, ते मात्र बरं वाटलं.

मग ती आपल्या खणाबद्दल सांगत होती. तिच्याकडे बावन्न मेलेले फोन आहेत. प्रत्येकावर चिठ्ठी, कुणाचा, कधी गेला. त्यांचे सुटे भाग काढून ती चालत्या फोनांना लावते. "एक आजी नवऱ्याचा फोन घेऊन आल्या, पुसून, रुमालात गुंडाळून. म्हणाल्या, याचा स्पीकर कुणाला तरी लावा, यात त्यांचं ऐकणं खूप झालंय."

"आणि तुम्हाला काही वाटत नाही?" ही विचारत होती. "कुणाचा तरी बंद पडायची वाट बघत बसायचं..."

"वाट नाही बघत मी. आणि बघितली तरी माझ्या वाट बघण्याने कुणाचा फोन मरत नाही, काकू. तो त्याच्या वेळेला जातो. नंतर कुणीतरी तो माझ्यापर्यंत आणून देतं, रडत रडत का होईना. तेव्हा मी दार बंद करून बसले तर त्या आजींनी काय करायचं?"

पुढे काही ऐकू आलं नाही. चहा घेऊन बाहेर आलो तर हिचा हात तिच्या हातात. रेंजबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "रेंज चांगली आहे काका. थोडा वेळ लागेल, पण धरेल."

आणि आता गंमत ऐका. चहा पिऊन ती जिना उतरते न उतरते, तो हिची हाक. "अहो, माझा बटणांचा डबा काढा बघू." डबा दोन वर्षांत उघडलेला नाही. हिने आत हात घातला, शे-दीडशे बटणांतून बोटं फिरवली आणि दुसऱ्या मिनिटाला सिम काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "हे बघा बरं, तुमचं तर नाही?" एकोणीसच्या एकोणीस आकडे जुळले!

"इथे कसं आलं?"

"पडलं असेल," ही म्हणाली.

खाली धावलो. घड्याळजींची लेक रस्त्यावर उभीच होती, जणू ठाऊक असल्यासारखी. तिथेच सिम घातलं. फुली गेली, दांड्या आल्या, आणि चार दिवसांचे निरोप धडाधड येऊ लागले. तिने एक पैसाही घेतला नाही. "मी काही केलंच नाही," म्हणाली. याला म्हणतात विनय.

सिम डब्यात कसं गेलं, हे मात्र मला अजून समजलेलं नाही. बहुधा मी फोन पुसताना ते निसटलं असावं, आणि डबा... असो. तक्रारीचा मसुदा ठेवून दिला आहे. फाडला नाही.

गुरुवार, ता. १७

रुग्णालयातून लिहितो आहे. अक्षर वाकडं येतंय, बाकावर बसलोय.

सकाळी अंघोळीहून डोकं पुसत बाहेर आलो. विचारणार तोच पाहिलं, ही पायात चपला घालून खुर्चीवर बसलेली. मांडीवर पिशवी, पिशवीत हिची फाईल, टॉवेल, पाण्याची बाटली. फोन हातात.

"अहो, आवरा लवकर. फोन आला होता. मी हो म्हटलं."

"तू? तुला उचलता आला?"

"हो. आणि त्यांना विचारलं, कोण होते. सांगत नाहीत म्हणे. मग म्हटलं, घरच्यांना एवढं तरी कळवा की, आम्ही फोन उचलला."

मी टॉवेल धरून तसाच उभा. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. या बाईने कधी माझ्याआधी टॅक्सी थांबवली नाही. आज जिना उतरताना माझाच हात धरून मला उतरवत होती. वाटेत मी रडलो, ते इथे लिहून ठेवतो. तिला दिसलं नसावं.

आत नेलं त्याला दीड तास झाला. फोन खिशात आहे, चार दांड्या. आता त्याची काही गरज नाही, तरी दर पाच मिनिटांनी बघतो आहे.

मंगळवार, ता. ६

अठरा दिवस काही लिहिलं नाही. थेंब दर दोन तासांनी, हात धुवा, पट्टी बघा, यातच दिवस गेले.

हिने आज कॅलेंडर वाचलं! आधी मोठे आकडे, मग खालची बारीक अक्षरं. मग माझ्याकडे वळून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मिशी कधी काढलीत?" दीड वर्ष झालं, म्हटलं. "मला सांगायचं तरी," म्हणाली.

घड्याळजींच्या लेकीला कळवायला गेलो. तिने वही काढली, आमच्या फोनाचं पान शोधलं आणि तळाशी लिहिलं: चालू. मी म्हटलं, तुमच्यासारखं काम करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "मी पाहिलंय. डोळ्यांशिवाय, नुसत्या सुईने, अंघोळीच्या वेळात." मला वाटतं तिच्या वडिलांबद्दल बोलत असावी.

शुक्रवार, ता. ९

(हे माझं अक्षर आहे, यांचं नाही.)

डोळा मिळाल्यावर पेपर नाही वाचायचा, आधी तुमची ही वही वाचायची, हे मी कधीच ठरवलं होतं. रोज खर्र खर्र ऐकत होते.

सिम मी काढलं. सुईने. तुमचं काढून माझं जुनं घातलं, चार मिनिटं लागली, तुम्ही अंघोळीत गाणं म्हणत होतात. साखरेचा डबा मला नेहमी सापडतो. तुम्ही तो जागेवर ठेवत नाही.

मला शस्त्रक्रियेची भीती नव्हती. तुम्ही रोज विचारायचात, आला का फोन. मला ते असं ऐकू यायचं: गेलं का कुणी. आनंदाने विचारायचात म्हणून जास्त लागायचं. तुम्हाला बोलले असते तर तुम्ही कायम गप्प झाला असतात, म्हणून नाही बोलले. मग त्या दुरुस्तीवाल्या बाई आल्या. त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांनी एकदाही विचारलं नाही की का केलंत.

टॅक्सीत रडलात ते मला दिसलं नाही. कळलं.

कव्हरवाल्याची माफी मागा. चार माणसांसमोर बोललात, तर चार माणसांसमोरच मागा. माझं सिम बाई पुन्हा सुरू करून देणार आहेत, तोच नंबर मिळतोय.

वहीत घडी करून नेत्रदानाचा फॉर्म ठेवला आहे. माझी सही झाली आहे. तुमची राहिली आहे. खाली संपर्कासाठी दोन नंबर लिहायला जागा आहे. या वेळी दोन्ही लिहा.

शनिवार, ता. १०

वाचलं. तीनदा वाचलं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासली आणि घरातलं एक माप मला कधी कळलं नाही. अक्षर पूर्वीसारखंच आहे हिचं, किंचित उजवीकडे झुकणारं.

मसुदा फाडला. सही केली. दोन्ही नंबर लिहिले, हिचा आधी.

आता चौकात निघालो आहे. सकाळची वेळ आहे, गर्दी असेल.